प्रकरण एकोणिसावे : उलटा पंखा

पायलट, म्हणजे कालव्यातून जहाज नेणारा वाटाड्या, जहाजावर येणार म्हणून दादा कधी दाढी करत नसे. त्या दिवशी त्यानं दोनदा केली आणि दुसऱ्या खेपेला हनुवटीला कापून घेतलं.

"काय हो, लग्नाला निघालात का?" त्याच्या बायकोनं, वहिनीनं, कापूस पुढे केला.

"पायलट येतोय."

"गेल्या वर्षी चार वेळा आला होता पायलट. चारही वेळा तुम्ही बनियनवर होतात."

मग तिनंच कापूस त्याच्या हनुवटीला लावला. या वेळचा पायलट कोण हे दोघांनाही ठाऊक होतं. चौदा वर्षांत त्यांचं जहाज या कालव्यातून अडतीस वेळा गेलं होतं आणि अडतीसही वेळा दोरीच्या शिडीवरून कुणीतरी परका वर आला होता. पायलट झालेला दादाचा धाकटा भाऊ कालव्याच्या कचेरीत आपली पाळी बदलून घ्यायचा. या खेपेला कप्तान असलेल्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतः कचेरीला पत्र लिहून त्याला मागून घेतलं होतं. दादाला ते कळलं पत्र गेल्यावर. बावीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी उभं राहून आपण पहाटेचा चहा प्यायलो, तो आपल्या नकळत पत्रं लिहितो, हे तेव्हापासून त्याला सलत होतं.

त्यातून ही खेप साधी नव्हती. कालवा संपताना, तळ्यात शिरण्याआधी, एक लांबलचक डावं वळण आहे. कप्तान थकला की त्या वळणावर चाक ज्याच्या हाती देतो, पुढे जहाज त्याचं. कागदपत्रं मागाहून होतात. ही रीत आजोबांची. आजोबांनी थोरल्या मुलाला वगळून ते चाक आप्पांना दिलं आणि आप्पांचे थोरले भाऊ मरेपर्यंत त्यांच्याशी शब्द बोलले नाहीत, ते सगळं मागे येऊन गेलंच आहे. आता आप्पा चौऱ्याहत्तरचे झाले होते. ही आपली शेवटची खेप असं त्यांनी गेल्या बंदरात सांगून टाकलं होतं. चाक कुणाला, ते सांगितलं नव्हतं. दादाला आजवर ते विचारायची गरजच वाटली नव्हती.

सात वाजता पायलटची लाँच जहाजाला लागली. धाकटा शिडी चढून वर आला. अंग सुटलं होतं, पण शिडी चढायची लकब तीच, मधली एक पायरी गाळून. आप्पा कठड्याशी उभे होते. त्यांनी त्याला मिठी मारली. आप्पांना मिठी मारता येते हे दादाला त्या दिवशी कळलं.

"दादा," धाकटा म्हणाला, "केस पिकले की रे तुझे."

"तुझे गळले," दादा म्हणाला. त्याला जरा बरं वाटलं.

ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या वरच्या खोलीत, आल्याआल्या दादानं कार्ड पुढे केलं. पायलट आला की हे करावंच लागतं. जहाज किती लांब, पाण्याखाली किती, वळायला किती जागा घेतं, मागे घेताना तोंड कुठे फिरवतं, हे सगळं कार्डावर असतं. कप्तानाच्या माणसानं दाखवायचं, पायलटनं वाचायचं, शंका विचारायच्या आणि सही करायची. या कार्डावर एक ओळ नवी होती, दादाच्याच अक्षरात, लाल शाईनं लिहिलेली. हिवाळ्यात गोदीत जहाजाचा पाण्याखालचा पंखा बदलला होता. जुना पंखा उजव्या फिरतीचा होता, नवा मिळाला तो डाव्या. जुन्या पंख्यावर इंजिन मागे घेतलं की जहाजाचं तोंड आपोआप उजवीकडे वळायचं. आता ते डावीकडे जायचं.

धाकट्यानं कार्डाकडे बघितलंही नाही. "अरे, हे काय मला दाखवतोस? याच जहाजावर रांगायला शिकलो मी." आणि खिशातलं पेन काढून त्यानं कार्ड भिंतीला टेकवून सही ठोकली.

'वाच की.' दोनच शब्द होते. दादाच्या ओठापर्यंत आलेही होते. तेवढ्यात आप्पा हसले. "त्याला कसलं कार्ड दाखवतोस! डोळे बांधून उभा केलास तरी नेईल तो."

दादानं कार्डाची घडी केली आणि फळीवर ठेवून दिलं. ज्याला डोळे बांधून दिसतं, त्याला आपण कोण दाखवणार?

* * *

दुपारी समोरून येणारा जहाजांचा तांडा आधी जाऊ द्यायचा होता, म्हणून त्यांचं जहाज तासभर काठाच्या खुंटांना बांधून ठेवलं होतं. तेवढ्यात जेवणं उरकायची. वहिनीनं मासे तळले होते, बटाटे उकडले होते. आईनं आज टेबलावर पांढरी चादर घातली होती. ही चादर आपल्या लग्नातसुद्धा निघाली नव्हती, हे वहिनीच्या लगेच ध्यानात आलं.

धाकट्यानं घराचा फोटो आणला होता. तो हातोहात फिरला. पिवळी भिंत, दोन गॅलऱ्या, आणि खालच्या गॅलरीत कुंड्यांमध्ये उभी धाकटी जाऊ.

"दोन गॅलऱ्या!" आई म्हणाली. "दोन कशाला रे?"

"एक सकाळच्या उन्हाला, एक संध्याकाळच्या."

वहिनीनं फोटो जरा जास्तच वेळ धरला. एकोणीस वर्षं तिनं पातेली कठड्याला अडकवून स्वयंपाक केला होता, जहाज डोललं की आमटीसकट आपणही डोलायचं. हिच्या गॅलरीतली कुंडी मात्र ठेवली तिथंच राहते. "छान आहे हो," ती म्हणाली, "फक्त रंग जरा भडक आहे." आणि फोटो माशांच्या ताटाजवळ ठेवला, अगदी तेलाजवळ.

तेवढ्यात ताई इंजिनरूममधून वर आली. तिघा भावंडांत वयानं तीच सगळ्यांत मोठी, पण हे सगळ्यांनाच आठवून बघावं लागायचं. जहाज चालवायची परीक्षा ती दादाच्या आधी तीन वर्षं पास झाली होती. ब्रिजवर बाप उभा, उद्या भाऊ उभा राहणार, तिथे तिसरी कशाला, म्हणून तिनं दुसरी परीक्षा दिली आणि खाली गेली. गेली वीस वर्षं इंजिन तिच्याकडे होतं.

"काय रे पाणकोंबड्या, कोरडा दिसतोस!" तिनं धाकट्याच्या पाठीत धपका घातला. पांढऱ्या शर्टावर काळी पाच बोटं उमटली. आईनं "अगं, अगं" केलं, पण धाकटा खदखदून हसला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याला कुणी घरच्यासारखं वागवलं होतं.

आप्पांनी चमचा ग्लासावर वाजवला.

"आज संध्याकाळी वळणावर," ते म्हणाले, "चाक धाकटा धरेल."

दादाच्या घशात मासा अडकला नाही, काही झालं नाही. त्यानं काटा काढून ताटाच्या कडेला नीट ठेवला.

"आप्पा, मी पायलट आहे," धाकटा म्हणाला. "मी हुकूम द्यायचे असतात. चाकाला हात लावायची परवानगी नसते."

"पाच मिनिटांनी तुझा कालवा आटतो का? चोवीस वर्षांचा होतास, तेव्हा मागितलं होतंस. मी दिलं नाही म्हणून बॅग उचलून उतरलास. आता मी देतोय. परत ये. जहाज घे."

धाकट्यानं नको म्हटलं नाही. ते टेबलावरच्या प्रत्येकानं ऐकलं.

"जेवताना कसले हे विषय!" आई म्हणाली.

"मग कधी काढू? बुडाल्यावर?"

"आयत्या बिळावर नागोबा," वहिनी बटाट्यांना म्हणाली. बटाट्यांना म्हणाली तरी ती पुरेशी मोठ्यानं म्हणाली. मग सरळ सासऱ्यांकडे वळली. "आप्पा, गेल्या वर्षी तुम्हाला ताप होता तेव्हा वादळातून जहाज कुणी आणलं?"

"थोरल्यानं आणलं. मी नाही कुठे म्हणतो? तो आहेच की."

तो आहेच की! बावीस वर्षांची किंमत या तीन शब्दांत झाली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. दादा उठला आणि ताट घेऊन मोरीपाशी गेला. आई एव्हाना तिथे भांडी विसळत होती. मागोमाग ताई हात धुवायला आली.

"पंख्याचं सांगितलंस ना त्याला?" ताईनं विचारलं.

"कार्डावर आहे."

"कार्डावर आहे ते मला माहीत आहे, माझ्यासमोर लिहिलंस तू. त्यानं वाचलं का?"

"सही आहे त्याची."

"मी सहीचं विचारलं नाही दादा. वाचलं का?"

"मी काय त्याचा मास्तर आहे?"

खालून घंटा वाजली. ताईनं एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघितलं आणि पुसायचं फडकं खांद्यावर टाकून जिना उतरली. आईनं विसळलेलं ताट पुन्हा विसळलं.

* * *

जेवणानंतर धाकटा ब्रिजवर एकटाच पुढे उभा होता. दोन्ही बाजूंनी दगडी काठ सरकत होते. काठावरच्या रस्त्यानं एक सायकलवाला त्यांच्याच वेगानं चालला होता, म्हणजे वेग बरोबर होता. मागे चाकावर दादा. आप्पा खाली केबिनमध्ये गेले होते, संध्याकाळसाठी जुना कोट घालून बघायला. त्यांना चाक मिळालं तेव्हा त्यांच्या अंगावर तोच कोट होता आणि आता तो पोटावर बसत नव्हता.

धाकट्याला जेवणातलं आठवत होतं. त्याला मीठ हवं होतं, म्हणून त्यानं लहानपणीच्या सवयीनं डावीकडच्या खणात हात घातला. तिथे मेणबत्त्या होत्या. दादानं न बघता मागे हात केला आणि मीठ त्याच्या हातात आलं. आईनं दादाला न विचारता माशाचं डोकं वाढलं, आणि धाकट्याला मात्र विचारलं, "तुला चालतं ना रे अजून?" एवढंसंच. पण त्याला ते असं झोंबलं की दोन गॅलऱ्यांचं घर एकदम फोटोतल्या घराएवढं लहान झालं.

जहाज हवं होतं का? खरं सांगायचं तर नको होतं. बायको समुद्रावर यायची नाही, तिला होडीतसुद्धा उलटी होते. तरी टेबलावर नाही म्हणायला तोंड उघडेना, कारण नाही म्हटलं की ते दादाचं झालं असतं. सकाळी कार्ड न वाचण्याचंही तेच. कार्ड परक्यांनी वाचायचं असतं. आपल्याच पाळण्याची लांबी-रुंदी कुणी आपल्याला वाचून दाखवावी, आणि ती दादानं!

"डावीकडे पाच," तो मागे न बघता म्हणाला.

"डावीकडे पाच," दादानं रीतसर तेच परत म्हणून चाक पाच अंश फिरवलं.

सकाळपासून दोघं एवढंच बोलत होते.

तीन वाजून गेल्यावर पुढच्या तेलवाहू जहाजानं लांब भोंगा दिला. त्याचं इंजिन बंद पडलं होतं. त्याचं रुंद ढुंगण कालव्याच्या मधोमध थांबलं आणि अंतर भराभर कमी व्हायला लागलं. डाव्या काठाला गाळ उपसणारी बोट लागलेली होती. उजवा काठ मोकळा होता, तिथे खुंटही होते. धाकट्याला क्षणाचीही शंका आली नाही. इंजिन मागे घ्यायचं, वेग मोडायचा, तोंड आपोआप उजवीकडे वळेल, अलगद काठाला लावायचं. आप्पांना असंच करताना त्यानं शंभर वेळा बघितलं होतं.

"सुकाणू मधोमध. इंजिन अर्धं मागे."

"सुकाणू मधोमध. अर्धं मागे," दादा म्हणाला आणि इंजिनरूमला घंटी दिली.

जहाज थरथरलं. दादाला ठाऊक होतं आता काय होणार. त्याला पहिल्या श्वासात सगळं दिसलं: तोंड डावीकडे जाईल, गाळाची बोट लागेल, चौकशी होईल, कार्ड निघेल, त्यावर लाल ओळ निघेल, तिच्याखाली सही निघेल. आपला हात कुठेच नाही. दुसऱ्या श्वासाला तोंड हललं, डावीकडेच. धाकट्यानं मान वाकडी केली, पण त्याला अजून कळलं नव्हतं. तिसऱ्या श्वासाला दादानं गाळाच्या बोटीकडे बघितलं. तिथे कठड्याला टेकून एक माणूस उकडलेलं अंडं सोलत होता. जहाज बघून त्यानं हात हलवला. या माणसानं दादाचं काही वाकडं केलं नव्हतं.

"पंखा उलटा आहे!" दादा ओरडला. "बदललाय! तोंड डावीकडेच जाणार!"

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला, डोकं मात्र ठिकाणावर राहिलं. "थांबवा! सुकाणू पूर्ण उजवीकडे! इंजिन पूर्ण पुढे!"

"पूर्ण उजवीकडे! पूर्ण पुढे!"

खाली इंजिनरूममध्ये ताईनं लागोपाठच्या तीन घंट्या ऐकल्या. कालव्यात असं कुणी उगाच करत नाही. "वाचलं नाही मेल्यानं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी दांडा पुढे लोटला.

जहाजाचं तोंड डावीकडे जाता जाता अडखळलं, थबकलं आणि उजवीकडे यायला लागलं. शेपूट गाळाच्या बोटीजवळून गेलं ते इतक्या जवळून, की अंडेवाल्यानं मनात आणलं असतं तर मीठ मागून घेतलं असतं. त्याच्या हातातलं अंडं मात्र पाण्यात पडलं. मग उजवा नांगर सुटला, इंजिन पुन्हा मागे गेलं आणि जहाज काठाच्या खुंटांपाशी येऊन उभं राहिलं.

जिन्यावरून आप्पा धावत वर आले, कोटाची एक बाही घातलेली, दुसरी मागे लोंबणारी.

* * *

तेलवाहू दुरुस्त होईपर्यंत दोन तास होते. ब्रिजवर पाच माणसं गोळा झाली. आप्पा, आई, दादा, वहिनी, धाकटा. आईनं आप्पांना दुसरी बाही घातली. कुणी हसलं नाही.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"माझी चूक," धाकटा म्हणाला. "पंखा बदललाय हे मला माहीत नव्हतं."

आप्पा दादाकडे वळले. "सांगितलं नाहीस?"

"सांगितलं नाही कसं?" वहिनीनं फळीवरून कार्ड ओढलं. "हे बघा! लाल शाईत लिहिलंय, आंधळ्याला दिसेल असं! आणि खाली सही कुणाची? वाचा की भाऊजी, आता तरी वाचा."

"वहिनी बरोबर बोलते," धाकटा म्हणाला. "दादानं कार्ड दिलं होतं. मी न वाचता सही केली. कचेरीला मी तसंच लिहून देईन."

याचा अर्थ सगळ्यांना कळला. सहा महिने घरी, नाहीतर कायमचा घरी. आईनं तोंडाला पदर लावला. आप्पा स्टुलावर बसले आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

"न वाचता सही," ते म्हणाले. "मग काय, वळणावर थोरला उभा राहील."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. दादाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बावीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, आणि आलं ते असं, चांगली बशी फुटली म्हणून दुसरी काढावी तसं. बरं, चूक पदरात घेऊन मान खाली घालून उभा कोण? धाकटा. आई बघते कुणाकडे? धाकट्याकडे. आप्पांचे डोळे कुणापायी ओले? आता हा मोठेपणासुद्धा त्याचाच! दादाला ते सहन होईना.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्यानं वाचलं नाही, हे मला माहीत होतं. मी बघितलं. मुद्दाम गप्प बसलो. दुपारी ताईनं विचारलं, तेव्हा सहीचं नाव पुढे केलं. आणि मघाशी इंजिन मागे घेतलं तेव्हाही मी बोललो नाही. तीन श्वास बोललो नाही. मोजलेत मी."

"अहो!" वहिनी म्हणाली.

"थांब तू. मला तो बुडायला हवा होता, आप्पा. जहाज नाही, तो. तुम्ही त्याला मिठी मारलीत."

मग धाकटा हसला, पण हसण्यात काही राम नव्हता.

"आणि मला जहाज नकोच होतं," तो म्हणाला. "फक्त तुला मिळायला नको होतं. तू मागे हात केलास आणि मीठ आलं तुझ्या हातात."

"कसलं मीठ?"

"राहू दे."

आप्पांनी एका मुलाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. "आणि सकाळी मी हसलो," ते हळूच म्हणाले. "हा दाखवत होता, तर मी हसलो. पंखा बदलला तेव्हा गोदीत मीही होतो." त्यांनी कार्ड हातात घेऊन लाल ओळ बोटानं पुसून बघितली, जणू ती निघून येणार होती. "एवढ्या माणसांत एकानंही त्याला तोंडानं विचारलं नाही, बाबा रे, वाचलंस का?"

"विचारलं," आई म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. आई अशा वेळी बोलत नसे. "ताईनं विचारलं. मोरीपाशी, माझ्यासमोर. एकदा नाही, दोनदा. मीच तेवढी भांडी घासत बसले. वर येऊन सांगायला हवं होतं मी."

आप्पांनी उठून इंजिनरूमचा फोन उचलला.

"ताई, हात धुऊन वर ये."

पलीकडून ताईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "जेवण झालंय माझं."

"जेवायला नाही. वळणाला."

"सेहेचाळीस वर्षं लागली होय आठवायला?" ताई म्हणाली. "दोघं हातचे गेले, म्हणून मी?"

"हो," आप्पा म्हणाले. "म्हणूनच. ये तरी."

ती लगेच आली नाही. खाली तिनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले. नखांतलं काळं निघालं नाही. हाताखालच्या माणसाला इंजिन सोपवताना तिनं चार सूचना दिल्या आणि चारही त्याच्याकडून म्हणून घेतल्या.

* * *

वळण आलं तेव्हा ऊन कलतं होतं. तेलवाहू पुढे निघून गेलं होतं आणि कालवा मोकळा होता. ताई चाकाशी उभी होती. शेजारी आप्पा, अंगात जुना कोट, बटणं उघडी. धाकटा खिडकीशी उभा राहून हुकूम देत होता, तेवढं काम त्याच्याकडे आजच्या दिवसापुरतं अजून होतं. दादाला काहीच काम नव्हतं. बावीस वर्षांत या ब्रिजवर रिकाम्या हातांनी उभं राहायची त्याला सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून तो जाऊन धाकट्याच्या शेजारी उभा राहिला.

"डावीकडे दहा," धाकटा म्हणाला.

"डावीकडे दहा," ताई म्हणाली. वळण एकसारखं फिरत गेलं. काठ दोन्ही बाजूंनी सारख्याच अंतरावर राहिला. आप्पांनी एकदाही चाकाकडे बघितलं नाही, समोर बघत राहिले.

"जरा जास्तच ताठ उभी आहे," धाकटा ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"लहानपणापासून तशीच," दादा म्हणाला.

"आप्पांनीच डोक्यावर चढवून ठेवलीय."

"पहिल्यापासून."

"आणि आईची तर काय, लाडकीच."

"तर काय!"

आई चहा घेऊन आली. ताईचा कप तिनं आधी ठेवला, चाकाजवळच्या खाचेत, जिथे रोज दादाचा असायचा. मग दोघा भावांना मिळून एकच कप दिला, कारण ट्रेमध्ये तेवढाच उरला होता. दोघांनी तो कुरकुर न करता वाटून घेतला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

"पायलटसाहेब," ताई मागे न बघता म्हणाली, "चहा झाला असेल तर पुढचा हुकूम सांगा."

धाकट्यानं कप दादाच्या हातात दिला. समोर तळ्याचं पाणी दिसायला लागलं होतं.

"सुकाणू मधोमध," तो म्हणाला.

"सुकाणू मधोमध," ताई मोठ्यानं म्हणाली, आणि दादाच्याही तोंडून तेच शब्द सवयीनं निघाले, पण हातात चहाचा कप होता.